लघवीतून हवा येते आणि आतड्याला ‘पिशव्या’ आहेत: तपास कुठून सुरू करावा?

प्रश्न ऐरोलीहून आला आहे, तो थोडक्यात असा. वडील ६६ वर्षांचे, बरीच वर्षं मधुमेह, प्रोस्टेटची गोळी चालू. दोन वर्षांपूर्वी बद्धकोष्ठासाठी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) केली तेव्हा रिपोर्टवर ‘सिग्मॉइड डायव्हर्टिक्युलोसिस’, म्हणजे आतड्याच्या सिग्मॉइड भागात पिशव्या (डायव्हर्टिक्युला), असं आलं. मधे एकदा डावीकडे ओटीपोटात दुखून ताप आला होता, फॅमिली डॉक्टरांच्या गोळ्यांनी आठवड्यात उतरला. आता गेले दहा महिने लघवीचा संसर्ग पाठ सोडत नाही. अँटिबायोटिक चालू असेपर्यंत बरं, बंद केलं की महिन्याभरात पुन्हा जळजळ. मूतखडा असेल म्हणून साधा सीटी काढला, खडा नाही. वडील म्हणतात, लघवी संपता संपता फुर्रकन हवा येते. यूरॉलॉजिस्ट प्रोस्टेटकडे बोट दाखवतात, फिजिशियन साखरेकडे. आतड्याच्या पिशव्यांचा याच्याशी संबंध असेल का, आणि पेट स्कॅन (जास्त क्रियाशील पेशी उजळून दाखवणारा स्कॅन) करून एकदाच सगळं बघून टाकावं का?

आधी थेट उत्तर देते. हो, संबंध असू शकतो, आणि मी असते तर पहिला संशय तिथेच घेतला असता. पेट स्कॅन मात्र आत्ता नको. मी ठाण्यात पोटाच्या शस्त्रक्रिया करते. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे निदान समजू नका. पण तपास कोणत्या दिशेने न्यायचा, एवढं इथे बसून सांगता येतं.

तुमच्या प्रश्नातला खरा पेच मला असा दिसतो: आजार एका डॉक्टरच्या हद्दीत आहे आणि तक्रार दुसऱ्याच्या. यूरॉलॉजिस्टकडे दोन वर्षांपूर्वीचा कोलोनोस्कोपीचा कागद पोचलेलाच नसतो. ज्यांनी कोलोनोस्कोपी केली त्यांना लघवीचं कुणी सांगत नाही. डायव्हर्टिक्युलाच्या नेहमीच्या गुंतागुंती, म्हणजे डाव्या बाजूचं दुखणं, ताप, शौचातून रक्त, या कुणाच्याही लक्षात येतात. वाकड्या वाटेने जाणाऱ्या गुंतागुंती चुकतात त्या अशा वाटण्या झाल्यामुळे.

आता हवा कुठून येते ते. मोठ्या आतड्याच्या भिंतीत रक्तवाहिन्या जिथून आत शिरतात तिथे स्नायूचा थर कमजोर असतो. तिथून आतलं अस्तर बाहेर फुगतं, त्याच या पिशव्या. बहुतेकांना त्या आहेत हेही आयुष्यभर कळत नाही. पिशव्यांची आवडती जागा म्हणजे सिग्मॉइड, डाव्या ओटीपोटातला आतड्याचा वळणदार भाग. पुरुषांमध्ये तो मूत्राशयाच्या माथ्याला जवळजवळ टेकलेला असतो. एखादी पिशवी सुजली, फुटली आणि तिथे छोटं गळू झालं, तर ते शेजारच्या मूत्राशयाला चिकटतं आणि कधीकधी त्यातच फुटतं. गळू असं रिकामं झालं की पोटदुखी आणि ताप दोन्ही उतरतात, घरच्यांना वाटतं गोळ्या लागू पडल्या. मागे वाट राहते. तिला फिस्टुला म्हणतात. डायव्हर्टिक्युलाच्या आजारात जितके फिस्टुला होतात त्यांत आतडं आणि मूत्राशय यांच्यातला सर्वांत जास्त आढळतो. बायकांमध्ये मधे गर्भाशय असल्यामुळे तो कमी होतो, गर्भाशय काढलेलं असेल तर हे संरक्षण जातं.

तुमच्या वडिलांच्या त्या डाव्या बाजूच्या दुखण्यानंतर लघवीचा त्रास सुरू झाला का, तारखा जुळवून बघा. हा क्रम जुळला तर माझा संशय आणखी घट्ट होईल.

‘संपता संपता’ हे तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं आहे. माणूस उभा असताना हवा मूत्राशयाच्या वरच्या भागात तरंगते, म्हणून ती शेवटी बाहेर पडते. असे रुग्ण आवाजाची तक्रार आपणहून करत नाहीत, विचारावं लागतं. बाबांना एकट्याला गाठून आणखी दोन-तीन गोष्टी विचारा. लघवीत तपकिरी कण किंवा भाजीच्या सालीसारखं काही दिसतं का? लघवीला शौचासारखा वास येतो का? उलट दिशेने, शौचावाटे पाणी गेल्यासारखं वाटतं का? शेवटचं सहसा होत नाही, कारण आतड्यातला दाब मूत्राशयापेक्षा जास्त असतो आणि वाहतूक जवळजवळ एकेरीच चालते. तेव्हा तिथे ‘नाही’ उत्तर आलं म्हणून निश्चिंत होऊ नका.

हवेची दुसरी कारणंही आहेत, ती आधी बाजूला काढायची. कॅथेटर घातला असेल किंवा दुर्बिणीने मूत्राशय तपासलं असेल तर काही दिवस हवा राहते. मधुमेहात काही जंतू मूत्राशयातच वायू तयार करतात. त्यात सीटीवर हवा मूत्राशयाच्या भिंतीतही दिसते आणि माणूस बहुधा बराच आजारी असतो. दहा महिने हिंडतफिरत काढत नाही. साखरेच्या काही नव्या गोळ्यांनी, उदाहरणार्थ डॅपाग्लिफ्लोझिनने, लघवीतून साखर जाते आणि त्या जागी बुरशी वाढून खाज येते. पण हवा येत नाही. प्रोस्टेटमुळे लघवी मागे तुंबून संसर्ग होतो हे अगदी खरं, ते सोनोग्राफीत लघवीनंतर किती उरते यावरून कळतं. प्रोस्टेट हवा मात्र तयार करत नाही. दोन्ही आजार एकत्र असू शकतात, आणि या वयात बऱ्याचदा असतात.

आता घरातली फाईल उघडा. लघवीच्या कल्चरचे, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचे, सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. प्रोस्टेटच्या संसर्गात साधारण एकच जंतू वाढतो. आतड्यातून वाट असेल तर पुष्कळदा दोन-तीन जातींचे जंतू एकत्र येतात आणि लॅब खाली छापून मोकळी होते: ‘मिश्र वाढ, नमुना दूषित असण्याची शक्यता, पुन्हा तपासावे.’ एकदा असं आलं तर दूषित असेलच. नीट पुसून, मधल्या धारेची लघवी देऊनही पुन:पुन्हा तेच येत असेल तर तो रिपोर्ट निकामी धरू नका, तोच पुरावा आहे. पुढचं कल्चर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्या. लॅबच्या चिठ्ठीवर ‘आतडे व मूत्राशय यांत फिस्टुलाचा संशय, सर्व जंतू ओळखावेत’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, नाहीतर ते पुन्हा कचऱ्यात जाईल.

मग तो खड्यासाठी काढलेला सीटी. तो फुकट गेला असं मानू नका. चिठ्ठीवर ‘खडा आहे का’ एवढंच लिहिलं असेल तर रेडिओलॉजिस्ट खड्याचं उत्तर देतो, त्याचा दोष नाही. रिपोर्टच्या मधल्या भागात कुठेतरी ‘मूत्राशयात हवेचा लहान बुडबुडा, कॅथेटरमुळे असावा’ असं वाक्य असू शकतं. वडिलांना तेव्हा कॅथेटर नव्हता ना? मग ते वाक्य सोन्याचं आहे. तसं वाक्य नसलं तरी सीडी घेऊन रेडिओलॉजिस्टला पुन्हा दाखवा. रुग्ण पाठीवर झोपलेला असतो, म्हणून हवा मूत्राशयाच्या पुढच्या भिंतीला टेकून दिसते, बारीक असेल तर पडद्यावरची विंडो, म्हणजे काळ्या-पांढऱ्याची मांडणी, बदलून शोधावी लागते. शिवाय मूत्राशयाची भिंत एका जागी, बहुतेकदा डावीकडे वर, जाड झाली आहे का आणि नेमका तिथेच सुजलेला सिग्मॉइड चिकटलाय का, हे साध्या सीटीतही थोडंफार कळतं.

नवा सीटी लागला तर त्याची पद्धत महत्त्वाची. मी आधी शिरेतून कॉन्ट्रास्ट (सीटीत पांढरं उठून दिसणारं औषध) देऊ देत नाही. तोंडावाटे किंवा गुदद्वारातून कॉन्ट्रास्ट देऊन पहिली फेरी, आणि त्यात मूत्राशयात पांढरं दिसलं तर ते आतड्यातूनच आलंय, वादच उरत नाही. शिरेतलं औषध किडनीतून मूत्राशयात उतरतंच, ते आधी दिलं तर हा पुरावा पुसला जातो. शिरेतली फेरी नंतर करायची, गळू आणि आतड्याची भिंत नीट बघायला. त्यासाठी क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) आधी तपासा. वडील साखरेसाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर सेंटरवाल्यांना सांगा. आणि हा सीटी दुर्बिणीने मूत्राशय तपासण्याआधी व्हायला हवा. क्रम उलटा झाला तर आत दिसलेली हवा कुणाची, हे कुणीच सांगू शकणार नाही.

एवढं करूनही काही जणांत वाट दिसत नाही, कारण ती बारीक असते आणि सूज वाढली की तात्पुरती बंदही होते. दुर्बिणीतून मूत्राशयात बघितलं तर भोक प्रत्यक्ष दिसेलच असं नाही, पण एका जागी लाल, फुगीर, बुडबुड्यांसारखी सूज दिसते. यूरॉलॉजिस्टला आधीच संशय सांगितला असेल तर त्या खुणेचा अर्थ त्यांना लगेच लागतो.

इथे खसखशीबद्दल सांगते, कारण ऐकून लोक हसतात. अख्खी खसखस, साधारण ३५ ते ५० ग्रॅम, दह्यात कालवून खायची आणि पुढचे दोन दिवस लघवी पांढऱ्या भांड्यात घेऊन बघायची. दाणे लघवीत आले तर आतडं आणि मूत्राशय यांत वाट आहे. अनारशावर लावतो तीच, वाटलेली नाही. ही जगभर वापरलेली चाचणी आहे आणि तिची अचूकता चांगली आहे. वाट कुठे आहे आणि कशामुळे झाली, हे ती सांगत नाही, म्हणून सीटीच्या जागी ती चालत नाही. पण सीटीत काही दिसलं नाही आणि संशय जात नाही, तेव्हा ती उपयोगी पडते. पोट फुगलेलं असेल, शौच अडलं असेल तर करू नका, आणि एरवीही आपल्या डॉक्टरांना सांगूनच करा. ‘डायव्हर्टिक्युला आहेत म्हणून बिया-दाणे बंद’ असं तुम्हाला सांगितलं असेल. २००८ मध्ये अमेरिकेत ४७ हजारांहून जास्त पुरुषांची दीर्घकाळची पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात दाणे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांत हा आजार चिघळण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. शेंगदाण्यावरचं पथ्य लोक अजून पाळतात, ते सोडायला काहीच हरकत नाही.

कोलोनोस्कोपी पुन्हा लागेल. फिस्टुलाचं भोक तिच्यातून क्वचितच दिसतं, ती त्यासाठी नसतेच. आतड्याचा कर्करोगही मूत्राशयात अशीच वाट पाडू शकतो आणि सीटीवर सुजलेला सिग्मॉइड आणि कर्करोग यांची गल्लत होते. सुजेचा भाग सहसा लांबलचक, दहा सेंटिमीटरच्या वर, आतलं अस्तर शाबूत, मधे मधे पिशव्या. कर्करोगाचा भाग आखूड, कडा एकदम उठलेल्या, शेजारच्या लसिका गाठी मोठ्या झालेल्या. हे नियम पुष्कळदा मोडतात, म्हणून बायोप्सी. कर्करोग निघाला तर शस्त्रक्रियेचा आराखडाच बदलतो, मूत्राशयाची चिकटलेली भिंतही सोबत काढावी लागते, त्यामुळे हे आधी कळायलाच हवं. ताजी सूज असताना दुर्बीण घालू नये, सहा ते आठ आठवडे थांबावं. पेट स्कॅन इथे नको म्हणते त्याचं कारण हेच: सूजही त्यात उजळते आणि कर्करोगही. पैसे जातील, प्रश्न तसाच राहील.

इथवरचा क्रम एकदा एकत्र सांगते: बाबांची नीट कहाणी, जुने कल्चर, जुन्या सीटीची सीडी, मग योग्य चिठ्ठीसह नवा सीटी, त्यानंतर मूत्राशयाची दुर्बीण, आणि शेवटी कोलोनोस्कोपी.

तुम्ही ‘अशा आणखी काय भानगडी होऊ शकतात’ असंही विचारलं होतं. घाबरवायला नाही, पण इतर वाचकांसाठी लिहिते.

बायकांमध्ये हीच वाट योनीमार्गात उघडते, विशेषतः गर्भाशय काढल्यानंतर. अंगावरून दुर्गंधीयुक्त जातं, कधी हवा जाते. महिनोन्‌महिने योनीत ठेवायच्या गोळ्या दिल्या जातात. माझ्याकडे अशी बाई बद्धकोष्ठासाठी येते, सगळं बोलून होतं, पर्स उचलते आणि दारापाशी ‘आणखी एक विचारायचं होतं’ म्हणते. ते वाक्यच खरी तक्रार असते. ज्यांना पूर्वी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी शेक (रेडिएशन) दिलेला आहे, त्यांच्यात मात्र पहिला विचार शेकाच्या परिणामाचा करावा लागतो.

ताप आणि लिव्हर ही जोडी जास्त फसवी. सिग्मॉइडचं रक्त शिरांमधून शेवटी यकृताकडेच जातं. पिशवीतला संसर्ग त्या शिरेत शिरला तर शीर आतून सुजते, रक्त गोठतं आणि यकृतात गळवं होतात. पोट फारसं दुखतही नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये थंडी वाजून ताप म्हटलं की डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, टायफॉइड यांच्या तपासण्या आधी होतात, आणि व्हायलाच हव्यात. त्या सगळ्या निगेटिव्ह आल्या, सोनोग्राफीत यकृतात गळू दिसलं, की पुढचा अंदाज अमिबाचा. तरुण, दारू घेणारा, एकच मोठं गळू असेल तर तो बहुधा बरोबर ठरतो. पण माणूस साठीचा आहे, गळवं अनेक आहेत, रक्ताच्या किंवा पुवाच्या कल्चरमध्ये आतड्यातले जंतू वाढले, तर ते आले कुठून हे शोधल्याशिवाय फाईल बंद करू नये. आधी पित्ताशय आणि पित्तनलिका, ते स्वच्छ असतील तर मोठं आतडं. सीटीत यकृताकडे जाणाऱ्या शिरेत रक्ताची गुठळी आहे का, हे मुद्दाम विचारावं लागतं.

मांडी किंवा खुब्याचं दुखणं हे त्याहून विरळ. पिशवी मागच्या बाजूला फुटली तर पू पोटात न पसरता कमरेच्या सोआस स्नायूवरून खाली मांडीत उतरतो. पोट मऊ असतं आणि माणूस पाय सरळ करू शकत नाही. तो जातो ऑर्थोपेडिककडे. सोआसमध्ये पू दिसला की आपल्याकडे मणक्याचा क्षय आधी आठवतो, आणि इथल्या रुग्णांचा विचार करता तो आठवणं चूक नाही. फरक सांगणारी एक खूण म्हणजे पुवात हवा. क्षयाच्या गळवात सहसा हवा नसते. हवा असेल आणि ती डावीकडे असेल, तर सिग्मॉइड बघा. अशा वेळी त्वचेखाली बोटाने दाबल्यावर चुरचुर लागली तर तो प्रकार तासांचा आहे, दिवसांचा नाही.

याउलट चुकीचा शिक्का बसतो तो सुजेच्या बाबतीत. पिशव्या असलेल्या भागातच आतड्याला सूज येते, रक्तमिश्रित आव पडते, आणि रिपोर्टवर अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याच्या दीर्घकाळच्या सुजेचे वेगळे आजार) लिहून येतं. कोलोनोस्कोपी करणाऱ्याने गुदाशयातून, तो निरोगी दिसत असला तरी, बायोप्सी घेतली तर उलगडा होतो: अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये बहुधा गुदाशयालाही सूज असते, पिशव्यांच्या भागातल्या सुजेत तो मोकळा असतो. गुदाशयात पिशव्या जवळजवळ होतच नाहीत, कारण तिथे स्नायूचा थर सलग असतो. चुकीच्या शिक्क्यावर स्टेरॉइड सुरू झालं तर पिशवी फुटण्याचा धोका वाढतो आणि फुटली तरी दुखणं दबून राहतं. गुडघ्यासाठी रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांचंही तेच. वडील घेत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा.

बाकी, डावी मूत्रनलिका सुजेत दबून किडनी फुगणं, लहान आतड्याचं वेटोळं चिकटून अडथळा येणं आणि एकच पिशवी चार सेंटिमीटरच्या वर फुगून एक्स-रेवर हवेचा मोठा गोळा दिसणं, हे तीनही प्रकार सीटीत सहज पकडले जातात.

फिस्टुला ठरलाच तर घाईचं ऑपरेशन नसतं. संसर्ग आटोक्यात आणून, साखर सुधारून, सिग्मॉइडचा खराब भाग काढून आतडं पुन्हा जोडतात, बहुतेकदा दुर्बिणीतून. मूत्राशयाचं भोक लहान असतं, शिवून आठवडा-दोन आठवडे कॅथेटर ठेवला की भरतं. हृदय किंवा फुप्फुस फारच अशक्त असेल तर काही जणांना नुसत्या औषधांवर ठेवतो, तेही चालतं, पण तो निर्णय वडिलांना समोर बसवूनच घ्यायचा.

तोवर एवढं ध्यानात ठेवा. हुडहुडी भरून ताप, पोट कडक होणं, लघवी अडणं, किंवा साखर असलेल्या माणसाचं अचानक बरळणं, यातलं काही झालं तर ओपीडीची वेळ बघत बसू नका. ऐरोलीहून ठाणे असो की वाशी, ज्या रुग्णालयात रात्री सीटी आणि सर्जन दोन्ही हजर असतात ते आजच फोन करून विचारून ठेवा, आणि सगळ्या सीडी एका पिशवीत दाराजवळ ठेवा.